घाट सोडून बाकी सगळं तयार

१४ जून १८५८ या दिवशी खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. साधारण ६८ किलोमीटर. रूळ होते, इंजिनं होती, डबे होते, स्टेशनं होती. फक्त एक छोटीशी अडचण होती. ही रेल्वे मुंबईला जोडलेलीच नव्हती.

मुंबईकडून निघालेले रूळ दोन वर्षं आधी, मे १८५६ मध्ये, खोपोलीला येऊन थांबले होते. (इंग्रजी कागदपत्रांत या खोपोलीचं 'कॅम्पुली' करून टाकलंय, त्यामुळे जुने रिपोर्ट वाचताना आधी कळतच नाही की हे गाव कुठलं!) खोपोली घाटाच्या पायथ्याशी, खंडाळा घाटाच्या डोक्यावर, आणि दोघांच्या मधे सह्याद्री. रेल्वेचा घाट तयार व्हायला एप्रिल १८६३ उजाडलं. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं मुंबई-पुणे रेल्वे दोन तुकड्यांत चालली, आणि मधला तुकडा बैल, तट्टू आणि माणसं चालवत होती.

शाळेच्या पुस्तकात आपण १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, एवढं पाठ केलेलं असतं. त्यानंतर एकदम भारतभर रेल्वेचं जाळं पसरतं. मधली ही दहा वर्षं कुठे गायबच होतात. आणि खरी मजा तिथेच आहे, निदान माझ्यासारख्या माणसासाठी, ज्याचा पगार 'हे आता रिलीज करायचं की अजून थांबायचं' या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद घालण्याचा मिळतो.

तर प्रश्न असा, की घाट झालेला नसताना वरची लाईन सुरू का केली?

पहिलं कारण अगदी रोकडं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, ही लंडनच्या भागधारकांची खाजगी कंपनी. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीबरोबर तिचा जो करार झाला, त्यात भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. रेल्वेने कमावलं नाही तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायचा. म्हणजे शेतसारा भरणाऱ्याच्या खिशातून. जमीनही फुकट. आता रूळ टाकून ते गंजत ठेवले तरी व्याजाचा मीटर चालूच. त्यापेक्षा जेवढं झालंय तेवढं चालवा, चार पैसे येतील, तेवढीच हमीची रक्कम कमी. भागधारकांना काय, त्यांचे ५ टक्के कुठेच जात नव्हते. घाई सरकारला जास्त असणार हे उघड आहे.

दुसरं कारण तारखेतच आहे. जून १८५८. त्याच आठवड्यात तिकडे ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. उठाव अजून विझलेला नव्हता. पुणे म्हणजे मोठी लष्करी छावणी, आणि तिथे सैन्य आणि दारूगोळा जितक्या लवकर पोचेल तितका इंग्रजांना हवाच होता.

तिसरं कारण मात्र शुद्ध इंजिनियरिंगचं आहे. ज्यांनी कधी मोठ्या प्रोजेक्टचा प्लॅन केलाय त्यांना ते लगेच कळेल. लोणावळ्यापासून पुढे मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी इंद्रायणीच्या खोऱ्यातून लाईन जाते. आजही सिंहगड एक्स्प्रेसच्या खिडकीत बसून बघा. दोन्ही बाजूंना डोंगर आहेत, लोहगड-विसापूर दिसतात, पण गाडी स्वतः जवळजवळ सपाट जमिनीवरून चाललेली असते. हे काम सोपं. घाटाचं काम त्याच्या कितीतरी पट अवघड. दोन्ही एकदम सुरू केलं तर सोपं आधी संपणारच. मग संपलेल्या कामाने न संपलेल्याची वाट बघत बसायचं का? जीआयपीने ठरवलं, नाही. नुसतं पुण्यापर्यंत नाही, त्याच्याही पुढे. डिसेंबर १८५८ मध्ये लाईन पुण्याहून दिकसाळला पोचली, ऑक्टोबर १८५९ मध्ये बार्शी रोडला (आताचं कुर्डुवाडी त्याच भागात), आणि ६ जून १८६० ला सोलापूरला. घाट पूर्ण व्हायला अजून जवळजवळ तीन वर्षं बाकी असताना खंडाळ्यापासून सोलापूरपर्यंत गाड्या धावत होत्या!

तिकडे कसारा-इगतपुरीच्या थळ घाटातही हाच प्रकार केला. घाटावर इगतपुरीच्या पुढे १८६१ पासून गाड्या होत्या, घाट जोडला गेला १ जानेवारी १८६५ ला. म्हणजे खंडाळ्याचा प्रकार अपवाद नव्हता, ती कंपनीची पद्धतच होती.

आता आपण १८५८ मधले मुंबईचे प्रवासी आहोत असं समजू. बोरीबंदरला गाडीत बसलो. ठाणे, कल्याण करत पळसदरी, मग खोपोली. इथे सगळ्यांनी उतरायचं. समोर डोंगर उभा. ऐपतीप्रमाणे पालखी, डोली, तट्टू किंवा बैलगाडी करायची, नाहीतर आपले पाय. रस्ता बरा होता, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० मध्ये गाडीरस्ता म्हणून बांधलेला. पण दहा-बारा किलोमीटरमध्ये सुमारे ५०० मीटर चढायचे, म्हणजे बैलांचीही फेफे. सामान हमालांच्या डोक्यावर. वर खंडाळ्याला पोचलो की पुन्हा तिकीट-गाडी-डबा, आणि तिथून पुणे.

आणि उद्घाटनाचा मुहूर्त बघा, १४ जून. खंडाळ्यात जूनच्या मध्यावर पाऊस कसा असतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. लंडनमध्ये बसून तारीख ठरवणाऱ्याला 'मान्सून लाँच' म्हणजे काय हे कळणं शक्य नाही. :)

एवढे हाल करून लोक जात होते का? जात होते. कारण त्याआधी मुंबई ते पुणे हा सगळाच प्रवास असा होता. पनवेलपर्यंत होडीने जा, मग पुढे रस्त्याने. आता त्यातला फक्त एक तुकडा त्रासाचा उरला होता. तुलना नेहमी कालच्याशी होते, कागदावरच्या पूर्ण नकाशाशी होत नाही.

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'अर्धवट' हा शब्द आपण मुंबईकडून बघून वापरतो. कामशेतच्या शेतकऱ्याच्या बाजूने बघा. मावळात भात पिकतो, विकायचा तो पुण्याच्या बाजारात. त्याच्यासाठी खंडाळा-पुणे लाईन पहिल्या दिवसापासून शंभर टक्के पूर्ण होती. घाटात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. म्हणजे एखादी गोष्ट अर्धवट सुरू करावी की नाही याचं उत्तर बरंचसं यात आहे, की झालेल्या तुकड्यावर कुणाचा तरी पूर्ण प्रवास बसतो का?

हा प्रश्न घेऊन अलीकडच्या काळात येऊ. पुणे मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली ती अशीच तुकड्यात. वनाझ ते गरवारे कॉलेज हा एक तुकडा, पिंपरी-चिंचवड मनपा ते फुगेवाडी हा दुसरा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मधे अख्खं शहर. त्या वेळी जे विनोद झाले ते आठवत असतील. पहिले काही आठवडे लोक पोराबाळांना घेऊन फोटो काढायला जायचे आणि त्याच गाडीने परत यायचे. जत्रेतल्या पाळण्यासारखं. आता वरचा प्रश्न लावून बघा. फुगेवाडीला कुणाचा प्रवास संपतो? तिथे राहणाऱ्यांचा. आणि गरवारे कॉलेजला? त्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांचा, थोडाफार. पिंपरीतून पुण्यात कामाला येणाऱ्याला मात्र फुगेवाडीला उतरून बस पकडण्यापेक्षा घरापासूनच बस पकडणं सोपं. बस, दुचाकी हे पर्याय त्याच्याकडे आधीच होते. १८५८ च्या प्रवाशाकडे नव्हते. त्याला घाट कसाही चढावाच लागणार होता, रेल्वे असो वा नसो.

१ ऑगस्ट २०२३ ला फुगेवाडीकडची लाईन आणि गरवारेकडची लाईन सिव्हिल कोर्टला येऊन भेटल्या आणि मेट्रोत एकदम माणसं दिसायला लागली, नुसते फोटो काढणारे नाहीत तर डबा घेऊन कामाला जाणारे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथून स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला. पेठांमधल्या माणसासाठी मेट्रो खऱ्या अर्थाने त्या दिवशी आली. म्हणून २०२२ चं उद्घाटन चूक होतं असं मी म्हणणार नाही. गाड्या, सिग्नल, तिकिटाची दारं, चालवणारे लोक, सगळं कमी गर्दीत तावून निघालं असणार. पण तो फायदा चालवणाऱ्यांचा. प्रवाशाचा फायदा दीड वर्षाने सुरू झाला. दोन्हीला 'मेट्रो सुरू झाली' असं एकच वाक्य वापरतात, म्हणून घोळ होतो.

असो. परत घाटात.

प्रवासी घाट चढून गेले, मान्य. पण रेल्वे कशी चढली? म्हणजे वरच्या लाईनवरची इंजिनं, डबे, रूळ? सगळं इंग्लंडहून बोटीने मुंबईला यायचं. मुंबईहून खोपोलीपर्यंत रेल्वे. तिथून वर जायला गाडीरस्ता सोडून दुसरा मार्गच नव्हता. म्हणजे इंजिनं रस्त्याने घाट चढली. खोपोलीच्या नाक्यावर उभं राहून अमुक टनाचा बॉयलर बैलांनी ओढत नेताना डोळ्यांसमोर आणून बघा.

शनिवारी दुपारी बसून मी एक ढोबळ हिशोब केला. कोष्टकाची शिस्त नाही, पाकिटाच्या मागे केलेलं गणित आहे, खालीवर धरा. खंडाळा ते सोलापूर अंतर सुमारे ३३० किलोमीटर. एकेरी लाईन, दोन रूळ. रुळाचं वजन मीटरला ३३ किलो धरलं तर एका किलोमीटरला ६६ टन लोखंड. गुणिले ३३०, म्हणजे जवळपास २२ हजार टन. घाटात बैलगाडीवर अर्धा टन लादता येतो असं धरू, तर ४४ हजार खेपा. हे फक्त रूळ. त्यांना धरून ठेवणाऱ्या बिडाच्या खुर्च्या, बोल्ट, पुलांचं लोखंड, इंजिनांचे भाग, ते वेगळंच. आणि पावसाळ्याचे चार महिने खेपा कितीशा होणार? सोलापूरपर्यंतची रेल्वे मावळ-खालापूरच्या बैलांच्या मानेवर बसून वर गेली असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आमच्या धंद्यात याला मॅन्युअल वर्कअराउंड म्हणतात. दोन सिस्टिम तयार असतात, त्यांना जोडणारा भाग तयार नसतो, मग मधे एक माणूस बसवतात जो इकडची फाईल तिकडे टाकत राहतो. डेमोत तो माणूस दिसत नाही. रिपोर्टात पण दिसत नाही. जीआयपीच्या कारभारात 'लाईन सोलापूरपर्यंत खुली' असं लिहिलं जायचं, त्यात ४४ हजार खेपा कुठे येणार! आणि या कामचलाऊ व्यवस्थेचा एक गुण सगळ्यांना माहीत असतो. ती चालतेय तोवर खरं काम उरकायची घाई थोडी कमी होते.

इथे मात्र तसं झालं नाही, कारण घाटाचं काम कधीच थांबलं नाही. ते रखडलं, पण वेगळ्या कारणांनी.

घाटाचा आराखडा जेम्स बर्कलीचा, हा जीआयपीचा चीफ इंजिनियर. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढायचं. सरासरी ४६ ला १, आणि सर्वांत कठीण ठिकाणी ३७ ला १ चढ, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. रस्त्यावर हे काहीच नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं तेव्हा ते भयंकर आहे. २५ बोगदे, ८ मोठे दगडी कमानपूल. आणि एके ठिकाणी डोंगराने वळायलाच जागा दिली नाही म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी तिथे जाऊन थांबायची, इंजिन पुढचं मागे लावायचे, आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची, झिगझॅग. आपण चिंचोळ्या गल्लीत गाडी वळवताना करतो तसंच.

वाट कुणी शोधली यावर घाटात आजही एक गोष्ट सांगतात. साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, ती शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, देशाला स्वातंत्र्य द्या, आणि त्याला गोळी घातली. जुन्या हायवेवर खोपोलीहून चढताना शिंगरोबाचं देऊळ लागतं, ट्रकवाले तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. कागदोपत्री पुरावा शोधू नका, ही आख्यायिका आहे. पण एवढं खरं, की या डोंगराच्या वाटा बर्कलीच्या आधी शतकानुशतकं धनगरांना आणि लमाणांच्या तांड्यांना माहीत होत्या, आणि आराखड्यावर सही फक्त बर्कलीची आहे.

काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. कंत्राटदार विल्यम फेव्हिएल. त्याने काम पोटकंत्राटदारांत वाटलं, त्यांनी अजून खाली वाटलं. काळा बसाल्ट, सुरुंगाची दारू, हाताने मारलेली भोकं. कड्यावर उभं राहायला जागा नसेल तिथे माणसं दोरांनी लोंबकळत पहार चालवायची. मजुरी वरून खाली झिरपता झिरपता शेवटच्या माणसापर्यंत उशिरा पोचायची, कधी कमी पोचायची. जानेवारी १८५९ मध्ये याचा स्फोट झाला. थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला, युरोपियन मुकादमांवर चालून गेले, त्यात एक युरोपियन मेला. दोन महिन्यांत फेव्हिएलने कंत्राट सोडलं.

तारखा जुळवून बघा. खंडाळा-पुणे गाडी सुरू होऊन सात महिने झाले होते. वर खंडाळ्याच्या स्टेशनात तिकिटं विकली जात होती, आणि तिथून हाकेच्या अंतरावर घाटात लोक पगारासाठी दगड उचलत होते. दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच लाईनवर. या दंग्यासारख्या प्रकारांतूनच १८६० चा मालक आणि कामगार यांच्या तंट्यांचा कायदा आला. मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढायचे, असा. ऐकायला बरं वाटतं. पण त्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही सोय होती, हे विसरू नये.

फेव्हिएलनंतर काही महिने कंपनीने स्वतः काम रेटलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार इंग्लंडहून आला, आणि आल्यानंतर काही आठवड्यांतच, १८५९ च्या अखेरीस, मेला. इथे गोष्टीला एक अनपेक्षित वळण मिळतं. त्याची बायको अॅलिस बरोबर आली होती. तिने कंत्राट सोडलं नाही. अॅडमसन आणि क्लाऊझर या दोन अनुभवी इंजिनियरांना हाताशी धरून तिने ते पुरं केलं. व्हिक्टोरियाच्या काळातली एक विधवा, परक्या मुलखात, त्या काळच्या जगातल्या सर्वांत अवघड रेल्वेकामांपैकी एकाची कंत्राटदार. यावर कुणी सिनेमा का काढला नाही देव जाणे. १८६१ मध्ये घाटात एका वेळी ४२ हजारांवर माणसं काम करत होती. आजच्या लोणावळ्यात सलग सुट्टीच्या वीकेंडला असते तशी गर्दी, फक्त सगळ्यांच्या हातात पहार आणि डोक्यावर घमेलं. पाण्याची, राहण्याची सोय काय असणार? पटकी आली की झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या व्हायच्या. किती माणसं गेली याचे छातीठोक आकडे सांगितले जातात, त्यांवर माझा विश्वास नाही. मुकादमाच्या वहीत हजेरी असायची, मरण नसायचं.

बर्कलीही घाट पूर्ण झालेला बघू शकला नाही. तब्येत ढासळली म्हणून तो इंग्लंडला परतला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वारला, वय ४२.

शेवटी २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं. या वेळी घाई आणखी वाढलेली होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बंद, मँचेस्टरच्या गिरण्या हातावर हात ठेवून बसलेल्या, आणि दख्खनचा कापूस सोन्याच्या भावाने जात होता. मुंबईत शेअरचं वेड शिगेला पोचत होतं. अशा वेळी अजून सहा महिने थांबून सगळे पूल नीट तपासून घेऊ असं म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार? एव्हाना मुंबई ते सोलापूर सलग रेल्वे झाली. लाईन पूर्ण. नकाशावर आता कुठेही भोक नव्हतं.

चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसात, घाटातला महूकी मळीचा कमानपूल कोसळला. पायापासून सुमारे १६० फूट उंच, घाटातल्या सर्वांत मोठ्या दोन पुलांपैकी एक. चौकशी झाली, आणि बोट थेट बांधकामाच्या दर्जावर ठेवलं गेलं. दगडी बांधकामाची गोमच ही आहे. बाहेरचे घडीव दगड सगळ्यांना दिसतात, आतला भराव आणि चुना कुणालाच दिसत नाही. आणि हा एकटा पूल नव्हता. पुढच्या काळात जीआयपीला आपले बरेच पूल पुन्हा बांधून काढावे लागले.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त विचार करायला लावते ती ही गोष्ट. १८५८ ची लाईन उघड उघड अपुरी होती. घाटाच्या जागी रूळ नाहीत हे आंधळ्यालाही कळत होतं, म्हणून प्रत्येकजण त्या हिशोबानेच निघायचा. तट्टू सांगून ठेवायचा, पावसात छत्री घ्यायचा, मुक्कामाची तयारी ठेवायचा. १८६३ ची लाईन पूर्ण म्हणून जाहीर झाली, आणि ती पूर्ण नव्हती. तिचा न झालेला भाग पुलाच्या पोटात होता. त्या पुलावरून चार वर्षं गाड्या गेल्या, प्रवासी खिडकीतून दरी बघत होते, आणि कुणीही कसलीच तयारी ठेवलेली नव्हती, कारण तयारी ठेवायला सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे एखादी मेट्रो, पूल, हायवे अर्धा सुरू केला की पेपरात 'अपूर्ण कामाचं उद्घाटन' अशी ओरड होते. राजकारणी निवडणुकीच्या तोंडावर फीत कापायला धावतात, त्यामुळे ती ओरड बहुतेक वेळा रास्तही असते. पण स्टेशनाबाहेर जिना झालेला नाही यावर आपण जेवढं बोलतो, त्याच्या दहावा हिस्साही खांबाच्या आतल्या काँक्रीटबद्दल विचारत नाही. जिना नाही हे दिसतं ना!

घाटाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून लोणावळ्याला रेल्वेने धरण बांधलं. तेच भुशी, जिथे आता पावसाळ्यात पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही. रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत टिकलं, मग नवे बोगदे खोदून लाईन वळवली आणि विजेची इंजिनं आली. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. इंजिन उलटं लावायचा तो सगळा खटाटोप, जो काही वर्षांची तडजोड वाटला असेल, ६६ वर्षं चालला.

आणि खोपोली? १८५६ ते १८६३ या सात वर्षांत मुंबईकडच्या लाईनचं ते शेवटचं स्टेशन होतं. पुण्याला जाणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक पोतं, प्रत्येक रूळ तिथे उतरायचा. हमाल, गाडीवान, पालखीचे भोई, धर्मशाळा, खाणावळी, सगळ्यांचं पोट त्या न झालेल्या घाटावर होतं. घाटाची लाईन पळसदरीहून वेगळी फुटली आणि खोपोली एका दिवसात मेन लाईनवरून फाट्यावर गेली. लाईन पूर्ण झाल्याचा तोटा झालेलं हे बहुधा एकमेव गाव.

आजही मुंबईची लोकल कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला येते आणि तिथे रूळ संपतात. वर घाटमाथ्यावर पुण्याची लोकल लोणावळ्याला येऊन संपते, खंडाळ्याच्या एक स्टेशन अलीकडे. मेल-एक्स्प्रेस घाटातून जातात, मागे बँकर इंजिनं लावून. लोकल मात्र दोन्ही बाजूंनी तिथपर्यंतच येतात, जवळजवळ १८५८ मध्ये यायच्या तितक्याच. खोपोलीला उतरून लोणावळ्याला जायचं असेल तर स्टेशनाबाहेर येऊन एसटी किंवा शेअर जीप पकडायची. रस्ता तोच, शिंगरोबाच्या देवळावरून वर जाणारा.